उणे तीस अंशांत इलेक्ट्रिक पिकअप

थंडीत इलेक्ट्रिक ट्रकची रेंज घटते ती दोन कारणांनी, आणि ही दोन्ही वेगवेगळी ओळखली तरच उपाय सापडतात. पहिले कारण बॅटरीच्या पोटात आहे. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे आयन एका द्रवातून इकडून तिकडे सरकतात तेव्हा वीज मिळते. पारा उतरला की हा द्रव दाटतो, आयनांची चाल मंदावते आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. साठवलेली वीज कुठे जात नाही, पण बॅटरी पुन्हा गरम होईपर्यंत तिचा काही भाग हाती लागत नाही. दुसरे कारण केबिनमध्ये बसलेल्या माणसांमुळे येते. पेट्रोल किंवा डिझेलचे इंजिन इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर टाकते. त्यातलीच थोडी आत वळवली की हीटर चालतो, त्याला वेगळा खर्च पडत नाही. इलेक्ट्रिक मोटर मात्र इतकी काटकसरी असते की तिच्याकडून अशी फुकटची ऊब फारशी मिळत नाही. केबिन तापवायची तर वीज बॅटरीतूनच काढावी लागते.

यांतले मोठे कारण कोणते, हे अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये पाच इलेक्ट्रिक मोटारींवर घेतलेल्या चाचणीत दिसले. उणे ७ अंश सेल्सियसच्या आसपास हीटर बंद असताना रेंज सरासरी १२ टक्क्यांनी घटली. हीटर चालू केल्यावर घट ४१ टक्क्यांवर गेली. नुकसानीचा मोठा वाटा उबेचा आहे. म्हणून हिवाळ्यात लागणारी उष्णता शक्य तेवढी भिंतीतल्या प्लगमधून घ्यावी आणि रस्त्यावर बॅटरीतून कमीत कमी काढावी. पुढचे बहुतेक सल्ले याच एका गोष्टीतून निघतात.

उणे सात म्हणजे कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत, अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबात, जानेवारीतला सुखाचा दिवस. तिथे पारा उणे तीसला टेकणे नवलाचे नाही, आणि पिकअप ट्रक हे तिथले रोजचे वाहन आहे. कॅलगरी-एडमंटनकडे स्थायिक झालेल्या ज्या मराठी कुटुंबांनी पुण्या-मुंबईत इलेक्ट्रिक गाडी वापरली आहे, त्यांना तो अनुभव तिथे फारसा कामाला येत नाही. भारतातल्या अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत, टाटा नेक्सॉनमध्येही, एलएफपी, म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी असते. ती टिकाऊ आहे, उन्हाळ्यात भरवशाची आहे, पण कडक थंडीत निकेल असलेल्या लिथियम-आयन बॅटरीआधी सुस्तावते. ट्रक घेताना आत बॅटरी कोणत्या प्रकारची आहे आणि हीट पंप आहे का, हे दोन प्रश्न रंग आणि स्क्रीनच्या आधी विचारावेत. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो, त्यामुळे साधारण थंडीत साध्या हीटरपेक्षा त्याला बरीच कमी वीज पुरते. उणे पंधरा-वीसच्या खाली त्याचा फायदा आटत जातो आणि साधा हीटरच काम करू लागतो. त्यामुळे हीट पंपाचा खरा उपयोग नोव्हेंबर आणि मार्चमध्ये आहे. जानेवारीच्या कडाक्यात त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये. फोर्ड एफ-१५० लाइटनिंग हा ट्रक २०२२ मध्ये बाजारात आला, पण हीट पंप त्याला २०२४ च्या मॉडेलपासून मिळाला. जुना ट्रक घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

रात्रीचा प्लग

पुढचे हिशोब याच लाइटनिंगच्या मोठ्या बॅटरीचे आहेत. तिच्यात वापरता येण्याजोगी १३१ किलोवॉट-तास, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत १३१ युनिट वीज मावते. बॅटरीचे वजन आठशे किलोच्या आसपास आहे. एवढे वजन उणे पंचवीस अंशांपासून अधिक दहापर्यंत तापवायला ढोबळ मानाने सात-आठ युनिट लागतात. ट्रक रात्रभर उघड्यावर, प्लगशिवाय उभा राहिला तर ही सात-आठ युनिट सकाळी बॅटरीलाच स्वतःवर खर्च करावी लागतात, तीही ट्रक जागचा हलण्याआधी किंवा पहिल्या काही किलोमीटरांत. प्लग लावलेला असेल तर तोच खर्च घराच्या मीटरवर पडतो आणि बॅटरी भरलेली राहते.

प्लग कोणता, यालाही महत्त्व आहे. प्रेअरी प्रांतांत इमारतींच्या पार्किंगमध्ये जागोजागी १२० व्होल्टचे सॉकेट असतात. पेट्रोल गाड्यांचे इंजिन गोठू नये म्हणून ब्लॉक हीटर लावण्यासाठी ते बसवलेले असतात. त्यांतून जेमतेम दीड किलोवॉट मिळतो. उणे तीसमध्ये हा दीड किलोवॉट बॅटरी गोठण्यापासून वाचवण्यातच संपतो, चार्ज चढतो तो नावापुरता. शिवाय वीज वाचवण्यासाठी काही पार्किंगमध्ये हे सॉकेट आलटून पालटून चालू-बंद केले जातात. तरीही काहीच न लावण्यापेक्षा असा प्लग लावणे चांगले, कारण बॅटरीचा गारठा तरी कमी राहतो. मात्र रोजच्या वापरासाठी घरी २४० व्होल्टचा चार्जर हवाच. भाड्याच्या घरात तो बसवण्याची सोय नसेल, तर त्या थंडीत मोठा इलेक्ट्रिक ट्रक बाळगणे त्रासाचे ठरते, आणि हे विकत घेण्याआधी मान्य करावे.

ट्रक घरी आला की तासाभराने नव्हे, लगेच प्लगला लावावा. बॅटरी तेव्हा प्रवासाने उबदार असते आणि चार्ज सहज घेते. ॲपमध्ये निघण्याची वेळ घालून ठेवण्याची सोय असते, ती हिवाळ्यात रोज वापरावी. सकाळी सातला निघायचे असेल तर ट्रक चार्जिंग त्या सुमारास संपेल असे जुळवतो, बॅटरी उबदार ठेवतो आणि केबिन, काचा, स्टिअरिंग आधीच तापवून ठेवतो. गॅरेज असेल तर ट्रक आत घ्यावा. गॅरेजला हीटर नसला, पण ते घराला लागून असले, तरी बाहेरच्यापेक्षा ते बरेच उबदार असते.

रस्त्यावरचा हिशोब

डॅशबोर्डवर दिसणारा किलोमीटरचा आकडा थंडीत फसवतो, कारण तो बहुधा आधीच्या प्रवासांवरून काढलेला असतो. हिशोब युनिटमध्ये करावा. कॅलगरी ते एडमंटन हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर. त्या वाटेवरच्या क्वीन एलिझाबेथ द्वितीय हायवेवर वेगमर्यादा ताशी ११० किलोमीटर. अमेरिकी सरकारी मापनानुसार या ट्रकची रेंज ५१५ किलोमीटरपर्यंत आहे, म्हणजे शंभर किलोमीटरला सुमारे २५ युनिट. उणे तीसमध्ये त्याच वेगाने जाताना शंभर किलोमीटरला ४५ युनिट धरून चालावे. तीनशे किलोमीटरला १३५ युनिट होतात आणि बॅटरीत आहेत १३१. एका दमात हा प्रवास होत नाही. दोन्ही शहरांच्या मध्यावर रेड डीअर आहे. तिथे पोचेपर्यंत ६७-६८ युनिट जातील आणि निम्म्याच्या आसपास चार्ज उरेल. तिथे ८० टक्क्यांपर्यंत भरून घेतले तर एडमंटनला पाव बॅटरीहून थोडे जास्त शिल्लक ठेवून पोचता येते. चहा-नाश्ता होईल एवढा, अर्धा-पाऊण तासाचा हा थांबा आहे. हिवाळ्यात तो आधीच धरून निघावे.

वीस टक्क्यांच्या खाली चार्ज जाऊ द्यायचा नाही, हा नियम थंडीत कडक पाळावा. गारठलेली आणि जवळजवळ रिकामी बॅटरी एकदम जोर मागितला की दमते आणि ट्रक शक्ती कमी करतो. शिवाय पुढचा चार्जर बंद निघाला तर त्याच्याही पुढच्यापर्यंत पोचण्याची सोय हाताशी असावी लागते.

हायवेवर वीज वाचवण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे वेग कमी करणे. थंड हवा दाट असते. उणे तीसमधली हवा अधिक वीसमधल्या हवेपेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी जड असते. पिकअपचे उभे, रुंद तोंड ती हवा फोडत जाते. वेग ११० वरून ९० वर आणला तर हवेचा विरोध तिसऱ्या हिश्श्याने कमी होतो. समोरून वारा असेल तर हा फरक आणखी जाणवतो. केबिनमध्ये बाविसाऐवजी सतरा-अठरा अंश ठेवून सीट आणि स्टिअरिंगचे हीटर चालू करावेत. सीट तापवायला शंभर वॉटच्या आसपास वीज पुरते, उलट सगळी हवा तापवायला सुरुवातीला पाच-सहा किलोवॉट लागू शकतात. पण यात अतिरेक नको. काचांवर दव धरू लागले तर रेंजचा विचार बाजूला ठेवून हीटर वाढवावा. समोरचे न दिसता वाचवलेल्या चार युनिटांचा काही उपयोग नाही.

हवामानखात्याच्या इशाऱ्यांत विंड चिलचा, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या गारठ्याचा आकडा असतो. उणे तीस असताना तो उणे चाळीसच्याही खाली जातो. तो उघड्या कातडीसाठी आहे. उभा ट्रक हवेच्या तापमानापेक्षा अधिक थंड होत नाही, फक्त वाऱ्यात तो तिथपर्यंत लवकर पोचतो. बॅटरीच्या हिशोबात तापमान धरावे, आणि स्वतःच्या कानटोपीच्या हिशोबात विंड चिल.

ट्रेलर ओढायचा असेल तर गणित पार बदलते. उन्हाळ्यातही उंच, बंद ट्रेलर ओढताना रेंज निम्मी होते. कडक थंडीत ती त्याहूनही खाली येते. बर्फावरची स्कूटर, म्हणजे स्नोमोबाइल, न्यायची असेल तर बंद पेटीपेक्षा बुटका, उघडा ट्रेलर बरा. बहुतेक चार्जिंग स्टेशनांत ट्रेलरसकट उभे राहायला जागा नसते, तो सोडून बाजूला ठेवावा लागतो, आणि उणे तीसमध्ये गोठलेला हुक सोडवणे हे हातमोज्यांतही कष्टाचे काम आहे. ट्रकच्या उघड्या हौद्यात साचलेला बर्फ निघण्याआधी काढावा. ओला बर्फ शेकडो किलो भरतो.

चार्जरपाशी

थंड बॅटरी वीज देताना कुरकुरते, पण घेताना तिला खरा धोका असतो. शून्याच्या खाली जोराने चार्ज केले तर लिथियम ऋण ध्रुवातल्या ग्राफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतो. ही हानी भरून येत नाही आणि पुढे शॉर्टसर्किटचा धोकाही वाढतो. म्हणून ट्रकचा संगणक थंड बॅटरीला वीज हळूहळूच घेऊ देतो. फास्ट चार्जरला लावूनही आकडा वीस-तीस किलोवॉटवर अडकला तर पुष्कळदा चार्जर बिघडलेला नसतो. ट्रक आधी बॅटरी गरम करत असतो.

जानेवारी २०२४ मध्ये शिकागोच्या चार्जिंग स्टेशनांवर जे घडले, त्यातून यावरचा उपाय समजतो. पारा उणे अठराच्या खाली गेला होता. काही चार्जर बंद पडले, बाकीच्यांपुढे रांगा लागल्या. ज्यांनी येण्याआधी बॅटरी तापवली नव्हती, त्यांच्या गाड्या एकेका चार्जरला तासन् तास अडवून बसल्या. रांगेत हीटर चालू ठेवून काही गाड्यांची बॅटरी संपली आणि त्या टो करून न्याव्या लागल्या. त्याच थंडीत घरी चार्ज करणाऱ्यांची फारशी अडचण झाली नाही.

म्हणून फास्ट चार्जरकडे जाताना तो ट्रकच्या स्वतःच्या नकाशात मुक्काम म्हणून घालावा, फोनच्या नकाशात नव्हे. तसे केले की ट्रकला पुढे चार्जिंग आहे हे कळते आणि तो वाटेतच बॅटरी तापवू लागतो. चार्जिंग प्रवासाच्या शेवटी करावे, बॅटरी उबदार असताना. रात्रभर हॉटेलबाहेर गारठल्यावर सकाळी करायला जाऊ नये. मुक्कामाचे हॉटेल निवडताना तिथे प्लग आहे का हे खोलीच्या भाड्याइतकेच महत्त्वाचे धरावे.

गोठणाऱ्या पावसात चार्जिंगचे झाकण चिकटून बसते. ते स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नये आणि त्यावर गरम पाणी तर मुळीच ओतू नये, कारण ते पाणी क्षणात पुन्हा गोठते आणि काम आणखी अवघड करते. तळहाताने कडेकडेने ठोकून बर्फ फोडावा, केबिन तापवावी, थोडा वेळ द्यावा. झाकणाच्या आणि दारांच्या रबरांना हिवाळ्याआधी सिलिकॉनचा हात दिला असेल तर हा प्रसंग बहुधा येत नाही.

निसरड्या रस्त्यावर

मोठी बॅटरी असलेल्या लाइटनिंगचे वजन तीन टनांच्या आसपास जाते. चारही चाकांना जोर असल्याने तो बर्फातून सहज निघतो, आणि त्याच सहजतेने चालवणारा फसतो. निघणे सोपे झाले म्हणून थांबणे सोपे होत नाही. थांबवतात ते टायर. सात अंशांच्या खाली उन्हाळी आणि बारमाही टायरांचे रबर कडक होऊ लागते. पर्वताच्या तीन शिखरांत हिमकण असे चिन्ह असलेले हिवाळी टायरच लावावेत, आणि ते या ट्रकचे वजन पेलणाऱ्या क्षमतेचे आहेत याची दुकानात खात्री करून घ्यावी. क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, ब्रिटिश कोलंबियात डोंगराळ हायवेंवर १ ऑक्टोबरपासून. अल्बर्टात असा कायदा नाही, पण तिथला बर्फ कायदा बघून पडत नाही. टायरमधली हवा गारठ्यात आकसते, साधारण साडेपाच अंशांना एक पीएसआय. वीस अंशांच्या गॅरेजात भरलेला टायर उणे तीसमध्ये आठ-नऊ पीएसआयने कमी भरतो. हवा थंडीतच, ट्रक बाहेर उभा असताना तपासावी.

ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर उलट काम करून ट्रकचा वेग कमी करते आणि बॅटरीत वीज परत टाकते. थंड बॅटरी ही वीज घेऊ शकत नाही. त्यामुळे काल पाय उचलताच जो ट्रक चौकात अलगद थांबत होता, तोच आज सकाळी तसाच पुढे वाहत जातो. पहिले काही किलोमीटर ब्रेकवर पाय तयार ठेवावा. अर्ध्या-पाऊण तासाने बॅटरी तापली की ही शक्ती परत येते आणि पेडलची चाल पुन्हा बदलते. तीही अपेक्षेत ठेवावी. रस्त्यावर न दिसणारा पातळ बर्फ असेल तर हीच शक्ती घातक ठरू शकते, कारण पाय अचानक उचलला की चाके एकदम अडतात आणि घसरतात. अशा वेळी एका पेडलने चालवण्याची सोय बंद करावी, पाय हळू उचलावा, आणि निसरड्या रस्त्यासाठी वेगळा मोड असेल तर तो निवडावा. पेट्रोलच्या पिकअपची मागची बाजू हलकी असते, म्हणून प्रेअरी प्रांतांतले लोक हौद्यात वाळूची पोती टाकतात. इलेक्ट्रिक पिकअपचे वजन बॅटरीमुळे खाली आणि बरेचसे समान वाटलेले असते; त्याला या पोत्यांची गरज नाही. वाळूची एक पिशवी मात्र ठेवावी, चाकाखाली टाकायला. एलईडीचे दिवे फारसे तापत नाहीत, त्यांच्यावरचा बर्फ आपोआप वितळत नाही. प्रत्येक थांब्यावर दिवे, कॅमेरे आणि पुढचा सेन्सर पुसावा.

वादळात अडकल्यास

जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात आय-९५ हायवेवर बर्फामुळे शेकडो गाड्या अडकल्या, काही जण चोवीस तासांहून अधिक काळ. अशा वेळी इलेक्ट्रिक गाडीचे काय होणार, अशी भीती तेव्हा पुष्कळ बोलली गेली. हिशोब वेगळे सांगतो. उभ्या ट्रकची तापलेली केबिन टिकवायला कडक थंडीत दोन-तीन किलोवॉट लागतात. बॅटरीत ६० युनिट असतील तर वीस ते तीस तास निघतात, आणि फक्त सीट तापवून, पांघरूण घेऊन, हीटर अधूनमधून लावून ते आणखी वाढवता येतात. धुराचा पाइप नसल्याने बर्फात गाडी बुडाली तरी कार्बन मोनॉक्साइडने गुदमरण्याचा धोका नाही; पेट्रोल गाडीत तो जीवघेणा असतो. पण हा सगळा दिलासा बॅटरीत ६० युनिट असतील तरचा आहे. वादळाचा इशारा असताना निम्म्याच्या खाली चार्ज घेऊन शहराबाहेर पडू नये, आणि ५११ या क्रमांकावर मिळणारी रस्त्यांची माहिती निघण्याआधी ऐकावी.

अडकल्यावर ट्रक सोडून चालत निघू नये. फावडे, घोंगडी, टॉर्च, सुके खाणे, पाणी, फोनची पॉवर बँक आणि ओढायची दोरी हौद्यात नव्हे, केबिनमध्ये ठेवावी. हौदा बर्फाखाली गेला तर त्यातले काही हाती लागत नाही. बॅटरी संपलेला ट्रक चाकांवर फरफटत नेऊ देऊ नये. चाके फिरली की मोटरही फिरते आणि बिघाड होतो. त्याला सपाट पाठीच्या ट्रकवरच चढवून न्यावे लागते, आणि फोनवर मदत मागतानाच ते सांगावे. उलट दुसऱ्याच्या मदतीला हा ट्रक चांगला येतो. लाइटनिंगच्या काही प्रकारांत हौद्यातल्या सॉकेटांमधून भरपूर वीज मिळते. शेजाऱ्याच्या गोठलेल्या पेट्रोल गाडीचा ब्लॉक हीटर त्यावर चालवून ती सुरू करता येते.

उभा ट्रक

विमानतळावर आठवडाभर ट्रक सोडायचा असेल तर चार्ज साठ-सत्तर टक्के असावा. ट्रक नुसता उभा असतानाही बॅटरीतली वीज थोडी थोडी खर्च होत राहते. पहारा देणारे कॅमेरे बंद करावेत, आणि ॲप सारखे उघडून ट्रकला जागे करू नये. मोठ्या बॅटरीखेरीज एक साधी १२ व्होल्टची बॅटरी असते. दारांची कुलुपे, दिवे आणि संगणक तिच्यावर चालतात. मोठी बॅटरी भरलेली असूनही ही छोटी मेली तर दारही उघडत नाही. तीन-चार वर्षांची झाली असेल तर ऑक्टोबरमध्ये तिची तपासणी करून घ्यावी, आणि हाताने दार उघडण्याची किल्ली कुठे लपवलेली आहे हे माहितीपुस्तिकेत आधीच पाहून ठेवावे.

रस्त्यावर टाकलेले मीठ आणि क्वचितच वापरले जाणारे ब्रेक यांमुळे डिस्कना गंज चढतो. आठवड्यातून एकदा, मागे कोणी नसताना, ब्रेक दाबून ट्रक थांबवावा म्हणजे डिस्क घासून साफ होतात. पारा शून्याच्या वर आलेल्या दिवशी ट्रक खालून धुवावा, दारे आणि चार्जिंगचे झाकण कोरडे पुसावे, आणि मगच गॅरेजबाहेर रात्र काढू द्यावी. एप्रिलमध्ये टायर उतरवताना मेकॅनिककडून ब्रेकच्या पॅडांवर आणि कॅलिपरच्या पिनांवर एकदा नजर टाकून घ्यावी. इलेक्ट्रिक गाडीत पॅड झिजण्याआधी पिना अडकलेल्या सापडतात.